पिवळ्या माळावरची घरं

बहात्तरच्या दुष्काळात वडवणीच्या वरच्या अंगाला रस्त्याचं काम निघालं, तेव्हा सुंदरराव त्या कामावर मुकादम होता. मुकादम म्हटलं तरी खडी फोडणाऱ्यांत बसून तोही घण उचलायचा. त्याची बायको मुक्ताबाई त्याच कामावर पाट्या वाहायची. लग्न झाल्यापासून दोघं थोरल्या भावाच्या गोठ्याला लागून असलेल्या पडवीत राहत होती. मुलगी मंजुळा तिथंच जन्मली, तिथूनच पालीला नांदायला गेली. पण आंघोळ करायची तर मुक्ताबाईला अजून जावेला विचारून न्हाणीत जावं लागे.

कामावरच्या बहुतेकांची गत अशीच होती. कुणी दुसऱ्याच्या वाड्यात, कुणी ओढ्याच्या काठाला पाचटाच्या कोपीत. रस्ता ज्या माळावरून चालला होता, तो पिवळा माळ सरकारी होता आणि कुणाच्या कामाचा नव्हता. तिथला दगड पापुद्र्यांचा, नखानं उकरला तरी पानं सुटावीत असा मऊ. ऊन-पाऊस खाऊन खाऊन तो कुजला होता आणि त्याचीच पिवळी चिकण माती माळभर पसरली होती. तिच्यात ज्वारीसुद्धा धड येत नसे. पण दुष्काळात ती माती अशी वाळली होती, की पहार मारली की टण्ण वाजायची.

"हितं घरं बांधली तर?" सुंदरराव एका दुपारी म्हणाला. "रस्ता हाय, टँकर थांबतो, जागा उंचावर हाय. सोसायटी काढू."

त्या रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या बांधायला बीडहून नबी गवंडी आला होता. सुंदररावाशी त्याची चांगली दोस्ती जमली होती. त्यानं पहार घेतली, दोन-चार ठिकाणी मारून बघितली आणि हसला.

"पाया खणायचा कशाला? हा माळच पाया हाय. किल्ला बांधा याच्यावर."

सुंदररावानं बीडच्या खेपा घातल्या, साहेबांच्या दारात बसून राहिला आणि गृहनिर्माण सहकारी संस्था उभी केली. बांधकाम सगळ्यांनी मिळून केलं. माती इतकी कडक होती, की पाया गुडघाभर खणायलाच दमछाक झाली. माळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. त्यांत त्यांनी खडी आणि मुरूम भरला. भेगा तर उन्हाळ्यात सगळ्याच रानाला पडतात, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. दगडमातीच्या भिंती आणि वर पत्रे, अशी घरं रांगेनं उभी राहिली.

राहायला गेले त्या दिवशी मुक्ताबाई उंबऱ्यावर नुसती बसून राहिली. चूल पेटवायची होती, पाणी आणायचं होतं.

"अशी का गं बसलीस?" सुंदररावानं विचारलं.

"आपल्या दारात बसले," ती म्हणाली. "कुणाला इचारायचं न्हाई, म्हणून बसले."

त्या वर्षी पाऊस बेताचा झाला आणि घरं चांगली राहिली. लोक सुंदररावाला तात्या म्हणू लागले. कुणाच्या घरी बारसं असलं की पहिलं बोलावणं त्याला.

दुसऱ्या वर्षी पाऊस लागून राहिला. खालच्या रानात लोक खुशीत होते. वर माळावर मात्र अंगणातलं पाणी मुरेना. पिवळी माती पहिल्यांदा पाणी पीत गेली, फुगत गेली आणि मग तिच्या पोटात थेंबही जाईना. पायाला लागली की सुटायची नाही. घराच्या मधोमध जमीन वर उचलली, दारं चौकटीत आवळून बसली. मग कोपऱ्यांतून भिंती चिरू लागल्या. नबीनं येऊन चिरा सिमेंटनं बुजवल्या, तर आठ दिवसांत शेजारी दुसरी चीर गेली.

"असं कसं हे?" नबी भिंतीवर हात फिरवत म्हणाला. "एवढी कडक जमीन होती, लोण्यावानी झाली."

लोक जाऊ लागले. पत्रे काढायचे, चौकटी उपटायच्या आणि डोक्यावर घेऊन खाली उतरायचं. शेजारची छबुबाई निघाली तेव्हा सुंदररावासमोर थांबली.

"तात्या, राग धरू नगा. लेकरं हायत घरात."

"राग कसला? तुमी जा," तो म्हणाला.

त्यानं मुक्ताबाईलाही सांगून बघितलं. पाऊस उघडेपर्यंत भावाकडं जाऊ, नंतर भिंत नव्यानं घालू. ती पीठ चाळत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्या पडवीत मी आता जायाची न्हाई. भिंत चिरली तर चिरू द्या. माझी हाय." हे घर आपणच तिला दाखवलं होतं, आता कोणत्या तोंडानं काढून घ्यावं, असं सुंदररावाला झालं.

भादव्यात पाऊस उघडला. चांगलं ऊन पडलं आणि सगळ्यांना वाटलं, आता टळलं. नबी त्या सकाळी मुद्दाम बीडहून आला. घरामागं पाणी तुंबलं होतं.

"भिंतीच्या कडेनं चर काढू," तो म्हणाला. "पाणी निघून गेलं की जमीन आवळंल."

दोघं खणायला लागले. मुक्ताबाई आत भाकरी करत होती. नबीसाठी ठेचा केला होता आणि चर झाला की दोघांनी लगेच जेवायला या, असं तिनं खिडकीतून सांगितलं होतं. चर निम्मा झाला असेल. पाणी वाहू लागलं, तशी भिंतीच्या पायाखालची ओली चिकण माती चराच्या बाजूला सरकली. आवाज फार झाला नाही. भिंत खालून निसटली आणि वरून आत कोसळली, तिच्यावर पत्रे आले.

दोघांनी हातांनी दगड काढले. रस्त्यानं जाणारी माणसं धावत आली. मुक्ताबाई चुलीजवळ सापडली. हाताला पीठ तसंच होतं. जीव गेलेला होता.

खाली न्यायला बैलगाडी आणली, तर तिची चाकं माळाच्या कडेलाच रुतली. मग खांद्यावर न्यायचं ठरलं. चिखल पायाला धरून बसायचा, पाऊल जड व्हायचं, घसरायचं. माणसं थांबायची, काठीनं तळवे खरवडायची आणि पुन्हा तिरडी उचलायची. नबीनं खांदा दिला तो शेवटपर्यंत बदलला नाही. मंजुळा पालीहून येईपर्यंत ऊन कलायला आलं होतं. थोरली जाऊ आपल्या दारात उभी राहून रडत होती. "हितंच ऱ्हायली असती तर," असं ती एकदा म्हणाली आणि सुंदररावाकडं बघून आत गेली.

संस्थेची बैठक गावातल्या चावडीत झाली. लोक आपल्याला बोलतील, शिव्या देतील, म्हणून सुंदरराव मान खाली घालून बसला होता. छबुबाईनं उठून फक्त एवढं म्हटलं, "तात्या, तुमी आमाला घर दिलतं." तो जागचा उठून बाहेर गेला आणि लिंबाखाली बसून रडला. संस्था मोडली. उरलेल्या भिंती पाडून लोकांनी दगड वाटून घेतले.

मंजुळा त्याला पालीला घेऊन गेली. तिथं तो जनावरं बघायचा, नातवाला धरणाकडं फिरवून आणायचा. पिवळ्या माळाचं नाव काढायचा नाही.

चार-पाच वर्षांनी डोळे दाखवायला तो बीडला गेला. स्टँडच्या बाहेर पेरूच्या गाड्यामागं नबी उभा होता. दोघांनी एकमेकांना ओळखलं. नबीनं गाड्याखालचा स्टूल ओढून पुढं केला.

"बसा."

"गवंडीकाम सोडलं?" सुंदररावानं विचारलं.

"त्या दिसापास्नं थापी हातात धरली न्हाई. चर काढायचं मीच बोललो होतो, सुंदरराव."

"जागा मी धरली होती."

"मी पहार मारून बघितली होती."

"तिला खाली न्यायला पायजे होतं, ते बी मीच न्हाई नेलं." सुंदररावानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "तू आला न्हाईस रे परत."

"कोणत्या तोंडानं येऊ? भाभीनं जेवायला बोलावलं होतं आमाला." नबीनं पाठ फिरवली आणि उगाच पेरू इकडचे तिकडे लावू लागला.

सुंदरराव उठला, त्याच्या पाठीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. पालीची गाडी लागली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली. सुंदरराव गेला नाही. नबीनं शेजारच्या टपरीवर चहा सांगितला, तो आला, आणि दोघं गाड्याच्या सावलीत बसून तो प्याले. सुंदररावानं नातवाचा विषय काढला, तसं नबीनं त्याचं नाव विचारलं आणि त्याच्यासाठी चांगले बघून पेरू काढून दिले.