सगळ्यांचे वडील इंजिनिअर

गेल्या अकरा वर्षांत निजामुद्दीन सरांच्या अरबीच्या वर्गातून जो कुणी बाहेर पडला, त्याचा बाप इंजिनिअर होता आणि तब्येतीनं ठणठणीत होता. कुणाचा बाप शहागंजात चपला विकत असो, कुणाचा करमाडला मोसंबी लावत असो, तोंडी परीक्षेत वडिलांबद्दल विचारलं की सगळे एकाच सुरात म्हणत, “अबी मुहंदिस, व हुव बिखैर.” माझे वडील इंजिनिअर आहेत, ते मजेत आहेत. सरांच्या गाईडात चौदाव्या पानावर तसंच छापलं होतं. दहा प्रश्न, दहा उत्तरं, वीस गुण.

श्रेयानं कॉलेजच्या या संध्याकाळच्या वर्गात एकदम मध्यम पातळीला प्रवेश घेतला होता. प्राथमिकचा अभ्यास तिनं वडिलांच्या वह्यांवरून घरीच केला होता. सरांनी तिला चार अक्षरं वाचायला लावली, “माशाल्ला!” म्हटलं आणि फॉर्मवर सही ठोकली. मध्यम पातळी म्हणजे नक्की काय, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं. प्राथमिकचं गाईड हिरवं होतं, मध्यमचं निळं. दर वर्षी त्याची नवी आवृत्ती निघे, तिचं मुखपृष्ठ तेवढं बदललेलं असे, आणि ती घेतल्याशिवाय हजेरी लागत नसे. चाळीस माणसं आठवड्यातून तीनदा जमून अरबी भाषेत एकमेकांशी एक अक्षर न बोलता घरी जात. याला ही मंडळी भाषा शिकणं म्हणत होती.

तिचे वडील सर्जेराव हेही याच वर्गात शिकून गेले होते. कन्नड गावच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर पहाडसिंगपुऱ्यात घर बांधलं, तर वरच्या खोलीत भाडेकरू आला तो येमेनचा फुआद. विद्यापीठात पीएच.डी. करत होता. जन्मभर नकाशावर छडी ठेवून एडनचं बंदर दाखवलं आणि आता तिथला माणूस जिना उतरून साखर मागायला येतो, याचं मास्तरांना कोण अप्रूप! सहासष्टाव्या वर्षी त्यांनी अरबीचा वर्ग लावला.

“आता काय अरबस्तानात नोकरी धरायचीय का आप्पा?” श्रेयानं तेव्हा विचारलं होतं. “हसतील लोक.”

“हसू दे की. तो आपल्या भाजीवालीशी मराठीत भांडतो. मला त्याचे दोन शब्द नको यायला?”

फुआद परत गेल्यावर दर शुक्रवारी त्यानं बोलून पाठवलेला निरोप फोनवर येई आणि सर्जेराव घसा खाकरून, कागदावर लिहून काढलेली तीन-चार वाक्यं त्याला बोलून पाठवत. श्रेया ओठ मुडपून चहा ठेवायला जाई. एकदा तिनं त्यांना सुचवलं, एवढा खटाटोप कशाला, अंगठ्याचं चित्र पाठवून द्या. मास्तर खरंच चिडले. “अंगठा निरक्षर माणूस देतो. मास्तराच्या घरात अंगठा नको.”

फेब्रुवारीत सर्जेराव गेले. त्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी, घर माणसांनी भरलेलं असताना, त्यांच्या फोनवर निरोप वाजला. फुआद. काय बोलला, तिला काही कळलं नाही. गडबडीत तिनं अंगठा पाठवून दिला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. खरं तर मराठीत सांगता आलं असतं, आणि तेच तिला लाजेनं जमेना, कारण अंगठा देऊन झाला होता. इंग्रजीतही लिहून पाहिलं. विमा कंपनीला कळवल्यासारखं दिसलं, तिनं पुसून टाकलं. मग तिनं स्वतःशी ठरवलं, सांगायचं ते आप्पांच्या आणि त्याच्या भाषेत, स्वतःच्या तोंडानं. तोवर दर शुक्रवारी एक अंगठा. वडील मजेत आहेत.

परीक्षेच्या आदल्या तासाला तिनं सरांना विचारलं, “सर, ज्याचे वडील हयात नाहीत त्यानं काय म्हणायचं?”

“बाई, परीक्षेत कशाला मारता वडिलांना? पान चौदा बोला, दोन मार्क घ्या.”

वर्ग हसला. शेजारची आमरीन तिच्याकडं झुकली. “ताई, माझे अब्बा जालना रोडला पंक्चर काढतात. परीक्षेपुरते इंजिनिअर होतात, तर घरात दोन दिवस ऐटीत फिरतात.”

सर चष्मा पुसत म्हणाले, “तुमच्या वडिलांनीही हाच गोंधळ घातला होता. गेले दोन मार्क.”

घरी येऊन तिनं पेटीतून आप्पांचं निळं गाईड काढलं. नवी आवृत्ती सक्तीची असल्यामुळं तिनं ते आजवर उघडलंच नव्हतं. चौदाव्या पानावरच्या इंजिनिअरवर पट्टीनं रेघ मारलेली होती. खाली पेन्सिलीत, शिक्षकी वळणात: काना अबी फल्लाहन, व कद मात. त्याच्याखाली मराठीत: ‘वडील शेतकरी होते. वारले. (फुआदला विचारून.)’

वारून पन्नास वर्षं झालेला आपला बाप दोन गुणांसाठी उठवून बसवायचा नाही, एवढं त्या म्हाताऱ्याला कळत होतं. श्रेयानं एकच शब्द बदलला.

परीक्षा शुक्रवारीच होती. बाहेरगावचे परीक्षक गाईडाच्या चौदाव्या पानावर बोट ठेवून प्रश्न वाचत होते. चौथ्या प्रश्नाला श्रेया म्हणाली, “काना अबी मुदर्रिसन, व कद मात.” माझे वडील शिक्षक होते, ते वारले.

परीक्षकांचं बोट ओळीवर फिरलं, खाली गेलं, परत वर आलं. “पुन्हा सांगा.”

तिनं पुन्हा सांगितलं.

“हे यात नाहीये.”

“नाहीच.”

“मग?”

“मग काय सर, वारले ते.”

परीक्षकांनी निजामुद्दीन सरांकडं पाहिलं. सर पंख्याकडं पाहत होते. त्यांना वाक्य बरोबर असल्याचं कळत होतं. त्यांनी ते सांगितलं नाही. परीक्षकांनी शून्य मांडलं आणि पाचवा प्रश्न वाचला: तुमच्या शहरात कोणकोणती फळं मिळतात?

बाहेर पायऱ्यांवर आमरीन तिच्या मागून आली. “झाले माझे अब्बा इंजिनिअर! तुमचं काय झालं?”

“शून्य,” श्रेया म्हणाली आणि पर्समधून आप्पांचा फोन काढला. फुआदचा या शुक्रवारचा निरोप येऊन पडला होता. तिनं माइकचं बटण दाबून धरलं आणि तेच वाक्य म्हटलं.  पुन्हा न ऐकता पाठवून दिलं.

आमरीन बाजूला पायरीवर बसली. पाच मिनिटांनी उत्तर आलं. फुआद फार सावकाश बोलत होता, आप्पांशी बोलायचा तसा, शब्द सुटे सुटे करून. तिनं ते दोनदा ऐकलं.

“काय म्हणतो?” आमरीननं विचारलं.

“म्हणतो, मला माहीत होतं, श्रेया. पहिल्या अंगठ्यालाच कळलं. उस्तादांनी कधी अंगठा पाठवला नाही.”

“या अल्लाह! मग इतके महिने निरोप कुणाला पाठवत होता?”

निरोप श्रेयालाच येत होते, आणि तीही दर शुक्रवारी छापील उत्तर देत होती. दहा महिने निजामुद्दीन सरांना, गाईडाला आणि त्या चाळीस माणसांना तिनं मनातल्या मनात जे जे म्हटलं होतं, ते सगळं एकेक करून तिच्याकडं परत येत होतं. तिनं पर्समधून कागद काढला, मांडीवर ठेवला आणि फुआदला बोलून पाठवायची पुढची वाक्यं अरबीत लिहू लागली. पहिल्याच ओळीत तीनदा खोडावं लागलं. आमरीननं वाकून पाहिलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

“हे असं नाही, ताई. द्या इकडं.”