हमदुलेंचा हात

जहूर हमदुलेने वीस वर्षांत एकच कागद चुकीचा टाइप केला होता, आणि तोही अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, भावाने गिऱ्हाइकाचं नाव चुकीचं सांगितलं म्हणून. हे तो स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. मस्कतच्या हमरिया भागातल्या त्या ऑफिसात फरशा, वॉशबेसिनं आणि नळ यांचा घाऊक धंदा चाले, आणि कुठला ट्रक कुठल्या गावी जायचा त्याचा कागद जहूरच्या हातून निघे. नव्या पोरांच्या खणात खोडायची पांढरी शाई असायची, जहूरच्या खणात ती कधी नव्हतीच. एकदा पाहुण्यांसमोर अर्बाब म्हणाला, "हमदुले का हाथ, मशीन है मशीन." तेव्हापासून स्वारी जरा ताठच चालायची. त्याच साली त्याने मागून घेऊन आपल्या टेबलावर जाड काच बसवून घेतली. अर्बाब सोडला तर ऑफिसात कुणाच्याच टेबलाला काच नव्हती. रोज सकाळी चहाच्या आधी जहूर ती स्वतः पुसायचा, शिपायाला हात लावू द्यायचा नाही.

२००२ साली त्याची मुलगी मुनिबा बारावीला होती. मॅनेजर मार्टिन तुस्कानोची ॲनेटही तिच्याच वर्गात. मार्टिन वसईचा, जहूर जयगडचा. दोघे एकाच वर्षी मस्कतला उतरले, बायका येईपर्यंत चार वर्षं एका खोलीत राहिले, एकाच पातेल्यात भात शिजवला. आता दोघांची घरं वादी कबीरला शेजारशेजारच्या बिल्डिंगमध्ये होती आणि पोरी एकाच बसने शाळेत जायच्या.

जहूरचा व्हिसा जानेवारीत संपत होता. दर दोन वर्षांनी तो वाढतच आला होता, पण या खेपेला जहूरचा जीव त्यात अडकला होता, कारण बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. बापाचा व्हिसा गेला की पोरीचाही जातो, आणि परीक्षेचं केंद्र बदलायची मुदत ऑक्टोबरअखेर संपणार होती. त्यानंतर मस्कत सोडायची पाळी आली तर पोरीचं वर्ष गेलंच. मुनिबाला डॉक्टर व्हायचं होतं आणि तिचे मार्क बघता ते काही हवेतलं बोलणं नव्हतं.

सप्टेंबरात नवा कॉम्प्युटर आला. जुन्यावर सगळं काम बटणांनी व्हायचं, नव्यावर गिऱ्हाइकाचं नाव यादीतून माउसने निवडायचं. माउसही नव्या तऱ्हेचा, पोटात गोळी नाही, लाल दिवा. दुकानदाराने त्याच्याखाली ठेवायला एक पॅड फुकट दिलं. त्यावर मशिदीचा घुमट आणि कडेने कुराणातली आयत छापलेली. आयतीवर मनगट घासायचं, चहाचे थेंब सांडायचे, हे जहूरला पटेना. त्याने पॅड डोळ्यांना लावलं आणि कपाटावर सगळ्यांत उंच नेऊन ठेवलं. माउस टेबलावरच फिरवायला लागला.

पहिल्याच दिवशी कर्सर नाचू लागला. जहूर माउस सरळ न्यायचा, पडद्यावरचा बाण मध्येच थरथरायचा, उडी मारून दुसऱ्याच ओळीवर बसायचा, कधी हलायचाच नाही. जहूरने माउस आपटला, फुंकला, अत्तराच्या बाटलीतल्या कापसाने पुसला. काही उपयोग झाला नाही.

दुकानाचा मेकॅनिक आला तो घाईतच. त्याने मशीन दोनदा बंद-चालू केलं, माउसचा प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. जहूर आपली खुर्ची सोडेना, टेबलावर फायलींचा ढीग. तेव्हा मेकॅनिक बाजूच्या स्टुलावर बसला आणि मांडीवरच्या आपल्या जाडजूड वहीवर त्याने माउस फिरवून पाहिला. बाण सुतासारखा सरळ गेला. मग त्याने मार्टिनच्या केबिनमधला तसाच नवा माउस आणून जहूरच्या हातात दिला. तोही नाचला. जहूरचा माउस मार्टिनच्या टेबलावरच्या चामड्याच्या चटईवर मात्र गुमान चालला. मेकॅनिकचं काम संपलं. सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "मशीन ठीक, माउस ठीक. अंकल का हाथ हिलता है."

जहूरचा बाप जयगडला होड्या बांधायचा. पन्नाशीत त्याचा हात कापू लागला आणि शेवटची सहा वर्षं आई त्याला भरवत होती. जहूरला त्या वर्षी एकावन्न पूर्ण झाली होती. तो संडासात जाऊन कडी लावायचा आणि हात समोर धरून बघत उभा राहायचा. हात कापताना दिसायचा नाही. त्याने बरं वाटायचं सोडून त्याला वाटायचं की ही नुसती सुरुवात आहे, अजून डोळ्यांना दिसत नाही, माउसला तेवढं कळतंय.

डॉक्टरकडे जायची त्याची छाती झाली नाही. डॉक्टर काहीतरी लिहिणार, तो कागद फिरत फिरत कंपनीत येणार. ऑफिसात तो उजवा हात डाव्याखाली दाबून बसू लागला. घरी सफियाच्या लक्षात आलं. "तुमच्या हाताला काय झालाय, मना सांगाल का नाय?" असं तिने तीन दिवस विचारलं, चौथ्या दिवशी त्याने सांगितलं. ती रडली आणि गावी फोन करून दर्ग्यावर चादर बोलली.

नोव्हेंबरात व्हायचं ते झालं. यादीत सोहारच्या गिऱ्हाइकाच्या खालीच सूर गावचं गिऱ्हाईक होतं. बाण एक ओळ घसरला, जहूरने बटण दाबलं, आणि सोहारच्या गिऱ्हाइकाचा फरशांचा ट्रक सूरला जाऊन उभा राहिला. आठवड्यातच पुन्हा तसंच झालं. दुसऱ्या वेळी अर्बाब स्वतः खाली आला, जहूरच्या हाताकडे बघत राहिला आणि वर गेला.

मार्टिनने केबिनचं दार लावून घेतलं, चहा मागवला. व्हिसा वाढवायचा म्हणजे मेडिकल आलं, त्यात हाताचं निघालं तर काय, हे त्याने फार मायेने समजावलं. "जहूर, एकदा अनफिट लिहिलं की खलास. मग गल्फचं तोंड बघायला मिळणार नाही. त्यापेक्षा तूच लिहून दे, तब्येतीमुळे सोडतो म्हणून. मी मेडिकलशिवाय तात्पुरती मुदत घेऊन तुला एकतीस मार्चपर्यंत ठेवतो. मुनिबाचे पेपर होऊ देत. माझी जबान आहे."

मार्चचं नाव निघालं आणि जहूर विरघळला. त्याने त्याच खुर्चीत बसून, स्वतःच्या वळणदार अक्षरात राजीनामा लिहिला. वर मार्टिनचे आभार मानले, हे त्याला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

डिसेंबरात कंपनीचं पत्र आलं. शेवटचा दिवस दहा जानेवारी. मार्टिन खाली मान घालून म्हणाला की अर्बाब ऐकत नाही, मी खूप सांगून पाहिलं. मुनिबाने पत्र वाचलं, घडी करून बापाला परत दिलं आणि म्हणाली, "इट्स ओके, अब्बा. तुमचा हात पहिला." सफियासारखी ती रडली नाही. ती रडली असती तर जहूरला जरा सोपं गेलं असतं.

जानेवारीत सोहारच्या गोडाऊनमधून मधु आला. तो केरळचा, तिशी ओलांडलेला आणि कमी बोलणारा. जहूरने त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, फायली दाखवल्या, ड्रायव्हरांची नावं सांगितली. मधुने माउस एकदा फिरवला, थांबला, उलटा करून लाल दिवा बघितला, मग काचेवर बोटाने टकटक केलं. खणातला जुना पेपर काढून त्याची चौघडी केली आणि माउसखाली सरकवली. बाण यादीवरून अलगद खाली आला, सोहारवर थांबला. मधु हिंदीत म्हणाला, "काच पे ये अंधा हो जाता है, भाईसाब. हमारे उधर भी हुआ था."

जहूरने त्याला उठायला सांगितलं. खुर्चीत बसून माउस हातात घेतला. सोहार, सूर. सूर, सोहार. वीस-पंचवीस वेळा त्याने बाण वरखाली नेला. तो एकदाही घसरला नाही. चार महिने उशाला घेऊन झोपलेला तो आजार कधी नव्हताच. जहूरला आनंद व्हायला हवा होता. त्याला झाला तो संताप, आधी काचेचा, मग स्वतःचा, आणि मग धडपडत तो मार्टिनच्या केबिनमध्ये शिरला.

हात चांगला आहे, चल, आत्ताच्या आत्ता अर्बाबला दाखवू, असं तो एका दमात बोलून गेला. मार्टिनने नवल केलं नाही. तेवढ्यावरून जहूरला कळायचं ते कळलं.

"कधीपासून माहीत होतं?"

"ऑक्टोबर," मार्टिन म्हणाला. "ॲनेटला घरी तसाच माउस घेतला. जेवणाच्या टेबलाला काच आहे ना, तिथे तसाच नाचला."

"आणि मला बोलला नाहीस."

मार्टिनने समोरचं पेन सरळ केलं. अर्बाबने गणपतीच्या सुमारासच सांगितलं होतं, तो म्हणाला, की जुने दोघं परवडत नाहीत, एकालाच ठेवा. नाव मार्टिनने सुचवायचं होतं. "ॲनेटपण बारावीला आहे, जहूर," तो म्हणाला.

जहूर वरच्या जिन्यापर्यंत गेला आणि तिथून परत फिरला. अर्बाबला काय सांगणार होता? मार्टिनने कुठे काही खोटं लिहिलं नव्हतं. तब्येतीचं कारण, सही, तारीख, सगळं हमदुलेंच्याच हातचं होतं, एकही खाडाखोड नसलेलं.

घरी खोके बांधून झाले होते. मुनिबाने आपल्या केमिस्ट्री-बायोलॉजीच्या नोट्स, दोन वर्षं रंगीत पेनांनी लिहिलेल्या सात वह्या, एका पिशवीत भरून ॲनेटला दिल्या होत्या. ॲनेट पिशवी घेऊन दाराशी उभी होती. जहूरला बघून ती अडखळत म्हणाली, "अंकल, पप्पा बोलले तुमच्या हाताचं. वी आर ऑल प्रेइंग."

पोरगी मनापासून बोलत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. हे जहूरला दिसत होतं, आणि तरीही त्याने पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"अब्बा, मीच दिल्यात. शी नीड्स देम," मुनिबा म्हणाली.

"आपल्या वस्तू आहेत. आपल्याबरोबर जातील."

ॲनेट लाल होऊन निघून गेली. मुनिबाने कारण विचारलं, पुन्हा विचारलं. सांगायचं तर तिचं वर्ष जुन्या पेपराच्या एका चौघडीअभावी गेलं हे सांगावं लागलं असतं, आणि ते घालवणारी सही बापाने आपण होऊन केली हेही. आजारी बाप पोरीला पटला होता. तो तसाच राहू दे, असं जहूरने ठरवलं आणि काही बोलला नाही. आतून सफियाने दोघांना जेवायला बोलावलं, तेव्हा मुनिबा भूक नाही म्हणाली.

विमानतळावर सामान चार किलो जास्त भरलं. काउंटरवरच्या माणसाने काहीतरी कमी करायला सांगितलं. सफिया कुकर काढू की चादरी काढू करत बसली. मुनिबाने बॅग उघडली, पिशवी ओढून काढली आणि सातही वह्या एकेक करून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. हलकी झालेली बॅग जहूर उचलायला वाकला, तर तिने ती त्याच्या आधी उचलली.

"राहू दे, अब्बा. तुमचा हात," ती म्हणाली, आणि बॅग घेऊन काउंटरकडे गेली.

जहूरने हात खिशात घातला.