दादांपेक्षा उंच

मी टेनिसच्या पंचाची खुर्ची. आज बोलणार आहे, आणि रागानंच बोलणार आहे. गोड ऐकायचं असेल त्यानं पुढं जावं.

धारूरच्या म्हाळू सुतारानं मला सागवानातून घडवलं. फोटोतली खुर्ची पाहून त्यानं कपाळाला हात लावला. "एवढी उंच? हिच्यावर बसून जोंधळ्यातली पाखरं हाकायची का काय?" पण पायऱ्या अशा पक्क्या बसवल्या, की मी कधी कुरकुरले नाही.

बंद पडलेल्या जिनिंगचं कापसाचं गोदाम झाडून, त्यात कार्पेट अंथरून 'बालाघाट करंडक' सुरू झाला. पुरुषांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा, तीही छपराखाली, कारण आमच्या डोंगरकडेचा वारा चेंडूला सरळ जाऊच देत नाही. पहिल्या वर्षी प्रेक्षकांपेक्षा कबुतरं जास्त होती. मग पुण्याहून, चेन्नईहून, पुढं थेट उझबेकिस्तानातून खेळाडू येऊ लागले. गावोगावची माणसं टमटम भरून बघायला येऊ लागली.

पंच होत्या कौशल्याबाई, चौसाळ्याच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या. त्यांनी "पंधरा-लव्ह" म्हटलं की मागून शिट्टी यायची. बाई वरून नुसतं बघायच्या. शिट्टीवाला खाली वाकून स्वतःच्या चपला शोधायला लागायचा. आमच्याकडे रेषांवर बसायला वेगळी माणसं नव्हती. चेंडू आत की बाहेर, ते बाईच सांगायच्या. त्यांच्या शब्दावर स्पर्धा चालायची, आणि तो शब्द माझ्या उंचीवर.

त्या वर्षी दिंद्रुडचा सत्यम अंतिम फेरीत गेला. आपल्या भागातला पहिलाच. नेमकी निवडणूक जवळ आलेली. एरवी बक्षिसापुरते येणारे आमच्या भागाचे पुढारी अमरसिंह दादा पूर्ण सामना बघणार, असं ठरलं. मैदानाच्या कडेला, माझ्या समोरच, त्यांचा सोफा मांडला गेला.

दादांचा कार्यकर्ता बजरंग सोफ्यावर बसून बघत होता. त्यानं मान वर केली आणि ओरडला, "अरे, दादापेक्षा उंच कोण बसनार हाय बे?"

"पंच बसतेत, भाऊ," सोफा मांडणारा पोरगा म्हणाला.

"पंच म्हंजी ती बाई? दादाच्या डोक्यावर? फोटो कसा येईल?"

करवत आली. माझे चारही पाय कापले. सोफ्याशी बरोबरी होईपर्यंत कापले. माझं लाकूड ज्यांनी कापलं, त्यांना आजही विचारावंसं वाटतं, तुमच्या दादांची उंची एवढी कशी रे, की एका खुर्चीनं कमी होते?

बाई आल्या आणि जागेवरच थांबल्या. "इथून मला पलीकडची रेष दिसणार नाही."

"बॉल लई मोठा हाय की, बाई. दिसतोय," बजरंग म्हणाला.

"मग मी उभ्यानं पंचगिरी करते."

"तुमी उभ्या ऱ्हायल्यावर मागच्यांना दादा कसे दिसतील?"

स्पर्धेचे निरीक्षक हात जोडून म्हणाले, "बाई, आजचा दिवस निभावून न्या." बाई बसल्या. त्यांचा श्वास मला जाणवत होता.

सामना शेवटपर्यंत ताणला. सत्यमला विजयासाठी एकच गुण हवा होता. त्यानं पलीकडच्या रेषेवर चेंडू मारला. एवढ्या खालून चेंडू आणि रेष एकात एक मिसळून गेले. बाईंनी मान उंचावून पाहिलं. मग म्हणाल्या, "आउट."

वरच्या सज्जातून ओरड झाली, "आत व्हता! आत व्हता!"

सत्यम माझ्याजवळ आला. "बाई, नक्की?"

"मला तसं दिसलं, बाळा."

त्यानं मान हलवली आणि परत जागेवर गेला. बाईंचा शब्द होता ना! पुढचे गुण गेले, सामना गेला.

बक्षिसाआधी सज्जातल्या कुणीतरी मोबाइलवरचा व्हिडिओ बाईंना दाखवला. चेंडू रेषेवरच पडला होता. बाईंनी सरळ जाऊन माइक घेतला. "माझा निकाल चुकला. सत्यम जिंकला होता. मला रेष दिसली नाही, कारण खुर्चीचे पाय…"

बजरंगनं वायर ओढली.

दादा हसत म्हणाले, "जाऊ द्या बाई, खेळ हाय. अन् पाय कापा असं मी कुठं म्हनलो?"

खरंच, ते म्हणाले नव्हतेच. त्यांना म्हणावंच लागत नाही, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

बाईंनी पंचगिरी सोडली. स्पर्धा पुढच्या वर्षापासून दुसऱ्या जिल्ह्यात गेली. गोदामाचं आता मंगल कार्यालय झालंय, आणि आचारी माझ्यावर बसून कांदे चिरतात.

परवा सत्यम आला होता. आता तो दिंद्रुडच्या पोरांना टेनिस शिकवतो. त्यानं माझ्या कापलेल्या पायांवर हात ठेवला. "हिला पाय जोडून नेतो," म्हणाला. "पोरांच्या स्पर्धा घ्यायच्यात."

बजरंग तिथंच होता. "ने की. पर उद्घाटनाला दादालाच बोलवायचं बरं का."

सत्यम वाकून माझ्या पायांची मापं घ्यायला लागला. त्याचं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. पण माझं सांगते. बाबा रे, पाय जोडायच्या आधी एवढं ठरव, की सामना चालू असताना मैदानात सगळ्यात उंच पंच बसेल, समोर कुणीही असो. ते जमणार असेल तर मला घेऊन चल, आणि आधी चौसाळ्याला जाऊन बाईंना घेऊन ये. जमणार नसेल तर मला इथंच कांद्यांच्या सालीत राहू दे.