बसवलेले डोळे

चाकणच्या कंपन्यांत कंत्राटी कामगारांच्या गेटपाससाठी फोटो काढून काढून ज्योतीराम मेटाकुटीला आला होता. मोबाइल आल्यापासून त्याच्या कासारवाडीतल्या स्टुडिओत कुणी फिरकत नव्हतं, म्हणून कॅमेरा गळ्यात अडकवून कंपनीच्या गेटवर जायचं, पांढऱ्या पडद्यापुढे माणूस बसवायचा, बटण दाबायचं आणि फ्लॅश उडाला की पुढच्याला हाक मारायची. चेहरे बघणं त्यानं केव्हाच सोडलं होतं, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं.

त्या दिवशी हिंगोलीकडचा भिमाजी पडद्यापुढे बसला आणि फोटोत त्याचे डोळे मिटलेले आले. फ्लॅशला बिचकणारे पुष्कळ असतात. ज्योतीरामनं पुन्हा बटण दाबलं, मग आधी डोळे मिटायला लावून ऐन वेळी उघडायला सांगितलं, तरी प्रत्येक फोटोत भिमाजी गाढ झोपलेला. समोर मात्र तो टक्क बघत होता.

"उघडे ठेवा की भाऊ."

"उघडेच हायेत, साहेब. पास न्हाई झाला तर कामावर घेत न्हाईत. घरी लेकरं हायेत."

रांग खोळंबली होती. अशा वेळी दुसऱ्या कुणाचे तरी डोळे कॉम्प्युटरवर कापून बसवायचे, हा धंद्यातला जुनाच उपाय. लग्नांच्या अल्बमात ज्योतीरामनं तो कितीदा तरी केला होता. लॅपटॉपवर त्याचा स्वतःचाच पासपोर्ट फोटो हाताशी होता. त्यातले डोळे त्यानं भिमाजीच्या चेहऱ्यावर बसवले, रंग जुळवला, पास छापून दिला. भिमाजीनं हात जोडले, तेव्हा त्याच्या मनगटावरचा काळा दोरा दिसला.

दुसऱ्या दिवशी जेवून ज्योतीराम जरा लवंडला, आणि डोळे मिटताच त्याला कारखान्यातली पत्रा दाबायची प्रेस दिसली. अवजड, तेलकट, धाडकन खाली येणारी; आणि तिच्याखाली पत्रा सरकवणारे दोन हात. एका मनगटावर काळा दोरा होता. त्यानं घाबरून डोळे उघडले. मिटले की पुन्हा प्रेस. लॅपटॉपवरची फाइल पुसून टाकली तरी ती थांबेना.

"झोपेत हात कसले मागे ओढता हो?" त्याची बायको विजयश्री विचारू लागली. आपल्याला झोप लागतच नाही, हे तिला कसं सांगावं ते त्याला कळेना. तो इतका थकला होता की भीतीसुद्धा अर्धवटच वाटायची.

शेवटी तो भिमाजीला गाठायला गेटवर गेला. भिमाजी चांगला टवटवीत दिसत होता.

"खरं सांगू, साहेब? प्रेसवर उभ्या उभ्या डोळा लागतो माझा. पर हात आपसूक बाहेर येत्यात. कुणीतरी राखतंय बगा."

ज्योतीरामनं त्याचं दोरा बांधलेलं मनगट धरलं. "हे काम सोडा, भाऊ."

"आता कशाला? दमायलाच होत न्हाई. आजपासून डबल ड्युटी घेतलीया."

भोंगा झाला तसा भिमाजी आत गेला. ज्योतीराम घाईघाईनं गेटजवळच्या कट्ट्यावर बसला, डोळे घट्ट मिटले आणि प्रेस खाली येताना दोन्ही हात छातीशी ओढून घेतले. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, फोटोवाल्याला बसल्या बसल्या छान डुलकी लागली.