सणाचं लुगडं

हिरव्या दोऱ्याचे टाके... आईच्या कमरेपाशी, लाल चौकडीच्या लुगड्याला लावलेलं ठिगळ, आणि त्याच्या चौकटी मूळच्या चौकटींशी जुळतसुद्धा नाहीत — चर्चमधली मिस्सा, रविवारची प्रार्थना, संपेपर्यंत मटिल्डा तेवढंच पाहत होती. आज तरी हे नेसायला नको होतं. मुंबईच्या कुठल्याशा साप्ताहिकाचा फोटोग्राफर आज नंदाखालच्या चर्चबाहेर फॅशनचे फोटो काढायला येणार, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

पण दुसरं नेसणार काय? आईचं सणाचं लुगडं मटिल्डाच्या अंगावर होतं — कापून, तिरक्या पट्ट्यांच्या कळ्या जोडून शिवलेला पायघोळ स्कर्ट. कात्री चालवताना आईनेच कापड ताणून धरलं होतं. "घे बाय, मना आता कोण बघते?" असं म्हणून ती हसली होती, आणि मटिल्डाला ते हसणंही गावंढळ वाटलं होतं.

बाहेर येताच ती पायरीवर थांबली. हनुवटी जराशी वर — आठवडाभर आरशासमोर घोटलेली. फोटोग्राफरने कॅमेरा उचलला... आता, आता...

"तुम्ही जरा बाजूला व्हा. या मावशी हव्यात मला."

तिला राग आला तो आईचा. फोटोग्राफरचा नव्हे, आईचाच. आई लाजून पदर सावरत होती, आणि सावरता सावरता तिचा तळवा ठिगळावर गेला.

"हात काढा ना, मावशी. ठिगळ दिसू द्या, तेच तर अस्सल आहे."

आईने हात काढला नाही. तिने मटिल्डाकडे पाहिलं. लहानपणी तापात मी आईकडे पाहायची, अगदी तसं... सांग ना याला काहीतरी. सांगता आलं असतं — चांगलं लुगडं होतं हिच्याकडे, ते मी घातलंय. पण सगळ्या गावासमोर? मटिल्डाने पुढे होऊन आईचं मनगट धरलं आणि हात बाजूला ओढला.

"सोड बाय," आई पुटपुटली.

कॅमेरा वाजला. पुन्हा वाजला.

"माझा हात येईल का फोटोत?" मटिल्डाने विचारलं. नखांना कालच रंग लावला होता.

"आला तरी कापून टाकू. काळजी नको."

तो दुसरीकडे वळला. तरी आईचं मनगट मटिल्डाच्या मुठीतच होतं. सोडायला हवं, हे कळत होतं. पण सोडलं की आई काय करेल तेही ठाऊक होतं — रडणार नाही, बोलणार नाही, वाकून माझ्या स्कर्टची चुरगळलेली कळी सरळ करेल. आईने मारलं तर चालेल, पण ते नको... तिची बोटं आणखी घट्ट झाली.