बत्तिसावं कार्ड

कादंबरी मी वहिनीचं नाक कापायला लिहायला घेतली. साहित्याची सेवा वगैरे गप्पा मी मारणार नाही.

आई गेली तेव्हा वहिनीने मला कळवलं नाही. आईचा श्वास लागला होता, दादा कामासाठी परगावी, घरात वहिनी एकटी आणि फोन तिच्या हाताशी. मी तासाभराच्या अंतरावर कोर्टात लोकांच्या साक्षी टाईप करत बसले होते. आईने डोळे मिटल्यावर तिने फोन केला, आणि नातेवाइकांत सांगत सुटली, "सकाळीच कळवलं होतं हो, आली नाही." झालं! शेवटच्या घटकेलासुद्धा आईकडे न फिरकलेली मुलगी म्हणून माझं नाव पडलं. पाच वर्षं झाली तरी सख्खी मावशी माझ्याशी धड बोलत नव्हती.

तर मी वाचनालयातल्या कादंबरीच्या वर्गात नाव घातलं. शिकवणारे मास्तर तोंडाने फटकळ. त्यांचा नियम असा की आधी लिहायचं नाही, आधी कार्डं करायची. एका कार्डावर एक प्रसंग आणि तीनच ओळी: कोणाला काय हवंय, आडवं कोण येतंय, शेवटी काय बदललं. मी बैठकीच्या खोलीत कपड्यांची दोरी बांधली आणि चिमटे लावून बत्तीस कार्डं टांगली. नवरा म्हणाला, "वहिनींना वाळत घातलंस वाटतं."

"अजून पिळायच्या आहेत," मी म्हटलं.

मास्तरांनी वर्गात माझी कार्डं पत्त्यांसारखी उलटसुलट केली. "या सूनबाईंना काय हवंय? तुम्ही सगळीकडे 'छळायचंय' एवढंच लिहिलंय. अहो, कुणी सकाळी उठून नुसतं छळायला बसत नाही. आणि हे बत्तिसावं, आईच्या मरणाचं, कोरं का?"

"मी नव्हते तिथे."

"मग जी होती तिला जाऊन विचारा. अंदाजपंचे मरण लिहू नका."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण रात्रंदिवस मला खात होती ती गोष्ट वेगळीच होती. आईने शेवटी माझी आठवण काढली का? एवढंच मला हवं होतं. आणि ते सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं.

रविवारी दुपारी गेले. वहिनी गुडघ्याला तेल चोळत बसली होती. आईच्या पलंगावर इस्त्रीचे कपडे रचलेले. म्हटलं, "वहिनी, आईवर पुस्तक लिहितेय. तिचा शेवटचा दिवस सांगा." ती चटकन सरळ बसली, पदराला हात पुसले. मला वाटलं टाळेल. छे! तिला कुणी विचारण्याचीच वाट असल्यासारखी बोलायला लागली.

"सकाळपासून एकच धोशा. छकुली आली का, छकुली आली का."

छकुली म्हणजे मी. वय वर्षं एक्कावन्न.

"मग मला फोन का नाही केलात?" माझा आवाज चढला.

"चारदा हातात घेतला." ती खाली बघत म्हणाली. "अकरा वर्षं तिचं सगळं मी केलं. अंघोळ, औषधं, हगणं-मुतणं. आणि शेवटी हात तू येऊन धरणार? माझं मन झालं नाही बघ. खोटं कशाला बोलू? पण दुपारी तिची तडफड बघवेना. शेवटी शेवटी दिसत तर काही नव्हतंच तिला. मी हात धरला आणि तुझ्यासारखं लाडात म्हटलं, 'आले गं आई.' ती हसली. 'आलीस का बाई,' म्हणाली. हात घट्ट धरला आणि तशीच गेली." वहिनीचे डोळे भरले. "अकरा वर्षांत माझ्याकडे बघून एकदा तशी हसली नव्हती गं. तुझ्या दादालाही सांगितलं नाही मी. पुस्तकात लिहिशील? कुणाला तरी कळू दे."

मला रडू फुटलं, आणि त्याच वेळी तिच्या एक कानाखाली ओढावी असंही वाटलं. माझी आई घेतली ती घेतली, माझा आवाजसुद्धा घेतला!

"लिहीन की," मी म्हटलं. चहा पिऊन आले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एका बैठकीत प्रसंग उतरवला. माझ्या कादंबरीतली मुलगी वेळेवर पोहोचते. 'आले गं आई' म्हणते. आई हसते, हात घट्ट धरते. वहिनीने सांगितलं तेच, शब्दन् शब्द. सून तेवढ्यात गच्चीवर शेजारणीशी गप्पा छाटत उभी असते. कोर्टात साक्षीचा असा एक शब्द फिरवला असता तर नोकरीवरून काढलं असतं. इथे मास्तरांनी पाठ थोपटली. "बघा, अस्सल माहिती असली की प्रसंग कसा उभा राहतो!"

पुस्तक आलं आणि नात्यात हां हां म्हणता फिरलं. कादंबरी आहे हे कोण लक्षात ठेवतो? मावशीने मला जवळ घेतलं, आणि वहिनीला भरल्या घरात विचारलं, "पोहोचली होती की पोरगी, मग आमच्याशी खोटं का बोललीस?" खरं सांगावं तर फोन केला नाही हेही तिला सांगावं लागलं असतं. मी कोपऱ्यात बसून सगळं डोळे भरून बघितलं. इतकं बरं मला पाच वर्षांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"दोनदा वाचलं मी," म्हणाली. "माझं ते कुठे सापडलं नाही. पानं चिकटली असतील म्हणून सुटी करून बघितली."

"चिकटली नाहीत वहिनी. मी ते घेतलंच नाही."

ती लहान पोरीसारखी हुंदके द्यायला लागली. "अगं, पण तिचा हात माझ्या हातात होता. तू नव्हतीस गं तिथे."

"होते," मी म्हटलं. "कुणालाही विचारा."