मधला पत्रा

"तो मधला उलटा आहे ना हो?"

खाटेवरून प्रश्न आला तेव्हा जाळीवाला बायकोच्या औषधाच्या बाटलीचं झाकण लावत होता. झाकण जरा जास्तच फिरलं. कोणता मधला, असं त्यानं विचारलं खरं, पण विचारताना वर बघितलं नाही, आणि तिथंच तो पकडला गेला. ज्यानं उभा जन्म मान वर करून काढला, तो छताचा विषय निघाल्यावर बाटलीकडे बघतो, याचा अर्थ न कळायला त्याची बायको काही काल लग्न होऊन आलेली नव्हती.

"माझा," ती म्हणाली. "सकाळचं ऊन आलं की बाकीचे सगळे पत्रे चमकतात, तो एकटा काळा राहतो. इतकी वर्षं उभ्यानं दिसलं नाही, आडवी झाल्यावर दिसलं."

त्यांच्या त्या खोलीच्या छताला गिलावाच नव्हता. वरच्या सळ्यांना तारेनं आवळलेली नुसती लोखंडी जाळी होती. पत्र्याला बारीक चिरा पाडून तो दोन्हीकडून ओढला की जी जाळी होते ना, तीच. तिचे पत्रे शेजारी शेजारी बांधायचे आणि खालून गिलावा दाबायचा. माल छिद्रांतून वर जातो, पलीकडे मूठ वळून बसतो आणि मग सात पिढ्या हलत नाही. या घरात मात्र काम जाळीवरच अडलेलं होतं. आल्यागेल्यानं विचारलं की जाळीवाला सांगे, हवा खेळती राहते. एका पाहुण्याला ते इतकं पटलं की तो स्वतःच्या घरचा गिलावा पाडायला निघाला होता.

जाळी बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दवाखाने, सभागृहं, थेटरं, जिथं जिथं छत टांगायचं तिथं त्याला बोलावणं येई. पण हा धंदाच असा, की काम पुरं झालं की नाहीसं होतं. लोक मान वर करून म्हणत, काय सुरेख छत आहे! आत जाळी काय सुरेख असेल, असं कोणी म्हटल्याचं अजून तरी ऐकिवात नाही. एकदा एका थेटराचं छत पाडायला माणसं लावली. गिलावा पडला, जाळी राहिली. पहारी वाकल्या, जाळी राहिली. शेवटी भिंतींसकट थेटर उतरवलं, तरी जाळी आपली दुपारपर्यंत हवेत तशीच, आणि खालून माणसं सावली मिळाली म्हणून डबे सोडून बसलेली. यातलं पहारीपर्यंतचं खरं आहे. पुढचं मेहुणा सांगायचा.

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. तो गिलावेवाला. यानं जाळी बांधायची आणि त्यानं थापी चालवायची, अशी दोघांची जोडी होती. कामावर एकमेकांची टिंगल केल्याशिवाय त्यांना माल कालवता यायचा नाही. आणि मग घर बांधताना ते झालं.

झालं ते असं. छताचा शेवटचा, मधला पत्रा तेवढा राहिला होता आणि तार संपली. जाळीवाला तार आणायला गेला. त्याच्या बायकोनं तोवर उरल्यासुरल्या तुकड्यांवर, परांचीवर चढून, तो पत्रा स्वतः बांधून टाकला. परत येऊन बघतो तर ती वर उभी, केसांत गंज, बोटं ओरबाडलेली आणि तोंडभर हसू. "बघा, जमलं."

जमलं होतं. गाठी तर अशा गच्च की खुद्द त्यालाही तशा येत नसत. फक्त पत्रा उलटा होता. जाळीच्या पट्ट्या माशाच्या खवल्यांसारख्या एका बाजूला कललेल्या असतात. त्या सगळ्या एकाच दिशेला पाहिजेत, म्हणजे थापी खवल्यांच्या विरुद्ध फिरते आणि माल आत ओढला जातो. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवला की केस उभे राहतात, तसंच. हात सुलटा फिरला की नुसता घसरतो. जाळीवाल्याला ते दारातूनच दिसलं. पण तिचं तोंड बघून तो म्हणाला, "छान बांधलास." मनात ठरवलं, ती पाण्याला गेली की हळूच सोडून फिरवू.

ती पाण्याला जायच्या आधी मेहुणा आला. माल तयारच होता. खिडकीपासून सुरुवात करून तो दाराकडे सरकत गेला आणि मधल्या पत्र्यावर थापी सरकन घसरली. मालाचा लोंदा थेट त्याच्या डोळ्यात. त्यानं डोळा पुसला, पुन्हा माल लावला, पुन्हा तो पडला. तेव्हा तो जे बोलला ते त्याच्या नेहमीच्या टिंगलीपेक्षा फार वेगळं नव्हतं. कोणत्या आंधळ्यानं बांधलाय हा, असल्यांचे हात कलम करायला पाहिजेत. फक्त घमेलं घेऊन खाली त्याची बहीण उभी होती, आणि तिच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं पुसलेलं नव्हतं.

जाळीवाला म्हणाला, "मी बांधलाय. आणि बरोबर बांधलाय."

आता गिलावेवाल्याला त्याच्याच थापीबद्दल खोटं सांगणं म्हणजे आचाऱ्याला मीठ गोड असतं असं सांगण्यासारखं. शब्दाला शब्द लागला. सोडून परत बांधा म्हणाला मेहुणा. सोडणार नाही म्हणाला जाळीवाला. मेहुण्यानं लावलेला माल थापीनं खरवडून खाली पाडला, उतरला, आणि जाताना उंबऱ्यात थुंकला नाही एवढंच. घमेल्यातला माल घमेल्यातच दगड झाला. त्यानंतर दोघांनी एकमेकांचं नाव काढलं नाही. एकमेकांच्या वाटेत येऊ नये म्हणून दोघं इतके लांबचे वळसे घेत, की गावाचे रस्ते त्यामुळंच रुंद झाले असं म्हणणारे लोक आहेत.

पत्रा नंतर केव्हाही फिरवता आला असता. पण नवरा बरोबर म्हणाला म्हणजे बरोबरच, असं ती धरून चालली होती; फिरवला म्हणजे तिला कळणार. आणि तिला कळलं म्हणजे भावाशी भाऊपण तुटलं ते आपल्या गाठींपायी, हेही कळणार. म्हणून तो पत्रा तसाच राहिला, छत तसंच राहिलं. जाळीवाला वर्षातून एकदा ब्रशनं गंज झाडायचा. मधल्या पत्र्यावरून जरा हलक्या हातानं.

आता ती आडवी झाली होती आणि उठणार नव्हती. डॉक्टरांनी नवीन काही सांगायचं सोडून दिलं होतं. ते येत, नाडी बघत आणि छताकडे बघत. मग जाळीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून जात.

"मला गिलावा बघायचाय," ती म्हणाली. "दादाच्या हातचा. दुसरा कोणी आणलात तर मी डोळे मिटून घेईन."

तिनं डोळे मिटून घेण्याची भीती त्याला सध्या एरवीही वाटतच होती. त्यानं चपला घातल्या.

मेहुणा आपल्या घराच्या पायरीवर ऊन खात बसला होता. उजवा खांदा शेकायला गरम पाण्याची पिशवी बांधलेली. काम सोडून त्याला बराच काळ लोटला होता. जाळीवाला समोर उभा राहिला, तरी त्यानं मान वळवली नाही.

"कोण गेलं?" त्यानं रस्त्याला विचारलं.

"अजून कोणी नाही."

"मग दाजी कशाला आलेत?"

हेही रस्त्यालाच. जाळीवाल्यानं वाटेत पाच-पन्नास वाक्यं जुळवली होती, ती सगळी एकदम पळून गेली. तिला गिलावा बघायचाय, एवढंच तो म्हणाला. मेहुण्यानं खांद्यावरची पिशवी सारखी केली. गिलावेवाले काय सगळे मेले का, असं विचारलं. मग, हा हात खांद्याच्या वर जात नाही, असं सांगितलं. समोरून एक कुत्रं गेलं, ते दोघांनी अगदी मन लावून पाहिलं.

"पत्रा उलटा होता, दादा."

"मला सांगताय? माझ्या डोळ्यात आठवडाभर चुना होता."

"मी नव्हता बांधला."

मेहुण्याची मान पहिल्यांदा वळली. आधी तो जाळीवाल्याकडे बघत होता, मग त्याच्याकडे नाही, त्याच्यामागं कुठंतरी, घमेलं घेऊन उभ्या असलेल्या कोणाकडे तरी. आपण नेमकं काय बोललो होतो ते त्याला आठवत होतं. असलं बोलणं बोलणारा विसरत नाही, फक्त ते कोणाला लागलं हे त्याला माहीत नसतं.

"तेव्हाच सांगायचं होतंत मला," तो म्हणाला.

"ती समोर उभी होती."

मेहुणा उठून आत गेला. आत इतका वेळ लागला की जाळीवाल्याला वाटलं, आता हा येत नाही. शेवटी तो आला, तेव्हा पिशवी खांद्यावर नव्हती आणि हातात फडक्यात गुंडाळलेली थापी होती. फडकं तेलकट होतं. काम सोडलेल्या माणसाची थापी, पण तिच्यात तोंड बघून दाढी करता आली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी परांची लागली. खाट दुसऱ्या खोलीत न्यायचं ठरलं होतं, पण ती म्हणाली, मग मी बघू काय, भिंत? खाट कोपऱ्यात सरकवली. वरून शिंतोडे उडतील म्हणून जाळीवाल्यानं काळी छत्री उघडून तिच्या डोक्याकडे बांधली. छत्रीच्या काठाखालून ती बघत राहिली. राजाला छत्र धरतात तसं दिसतंय, असं ती म्हणाली. राजाला खोकला नसतो, असं मेहुणा वरून म्हणाला. इतक्या वर्षांनी भावानं बहिणीला म्हटलेलं ते पहिलं वाक्य.

त्यानं खिडकीपासून सुरुवात केली. हात खरंच खांद्याच्या वर जात नव्हता. त्यावर त्यानं तोड काढली ती अशी, की परांचीच उंच घेतली आणि जवळजवळ गुडघ्यांवर बसून, छताला डोकं टेकेल इतक्या जवळून काम केलं. तरी थापी पूर्वीसारखीच बोलत होती, सर्र, सर्र, आणि माल वर जाऊन पलीकडे मूठ वळत होता. जाळीवाला खाली घमेलं भरत होता.

मधला पत्रा आला.

जाळीवाल्यानं खिशातून पक्कड काढली. रात्रीच ठरवलं होतं, गाठी तोडून पत्रा फिरवायचा, आता लपवण्यासारखं काय राहिलंय. तो परांचीवर एक पाय ठेवणार तोच मेहुणा म्हणाला, "हात लावू नका."

"फिरवायला पाहिजे ना."

"पत्रा नाही फिरवायचा. मी फिरतो."

आणि त्या अवघडलेल्या म्हाताऱ्यानं, फळीवर दोन्ही हात टेकत, कण्हत, एकेक गुडघा उचलत स्वतःला उलटं फिरवलं. आता त्याची पाठ दाराकडे नव्हती, खिडकीकडे होती. थापी दाराकडून खिडकीकडे फिरली. खवल्यांच्या विरुद्ध. माल धरला. एवढंच करायचं होतं. तेव्हाही एवढंच करता आलं असतं, असं तिघांच्याही मनात एकाच वेळी आलं असावं.

छत्रीखालून तिनं विचारलं, "दादा, धरतोय का?"

"धरतोय." त्यानं आणखी एक हात ओढला. एक गाठ बोटानं चाचपली. "कोणी बांधलाय कोण जाणे. पण काय गच्च बांधलाय. दाजींना असं कधी जमलं नव्हतं."

जाळीवाला घमेल्यात बघत राहिला. छत्री थोडी हलत होती. ती हसत होती की रडत होती, ते वरून मेहुण्याला दिसत नव्हतं, आणि जाळीवाल्यानं बघितलं नाही.

पहिला हात वाळला, मग त्याच वळणानं दुसरा चढला. ओला गिलावा काळपट असतो, वाळेल तसा कडांकडून पांढरा होत जातो. ती रोज डोळे उघडले की विचारायची, वाळला का? खाट पुन्हा मधोमध आणली होती. मेहुणा रोज येऊन पायाशी बसे आणि त्या थेटराची गोष्ट सांगे. एका दिवशी जाळी हवेत संध्याकाळपर्यंत लटकली. एका दिवशी तिच्यावर पाखरांनी घरटी केली. ती ऐकत असे. मग नुसती वर बघत असे. मधोमध एक ओला डाग उरला होता, तो रोज लहान होत होता.

तो पुरता पांढरा झाला त्या सकाळी तिनं विचारलं नाही.

माणसं येऊन गेली. मेहुणा परांचीची फळी खांद्यावर न घेता ओढत घेऊन गेला. जाताना म्हणाला, ती छत्री टाकून द्या आता, माल लागून खराब झालीय. जाळीवाल्यानं हो म्हटलं. नंतर छत्री मिटायला घेतली, तर काड्यांच्या सांध्यांत गिलावा बसून दगड झालेला. जोर लावला असता तर मिटली असती, पण मोडली असती. त्यानं ती उघडीच खाटेच्या डोक्याशी ठेवली.

मग तो खाटेवर आडवा झाला. ती पडायची तसा, तिच्याच कडेला. सकाळचं ऊन खिडकीतून तिरकं आलं. छत पांढरंशुभ्र होतं, कुणालाही दाखवावं असं. आणि तिरक्या उन्हात, नीट बघितलं तर, थापीचे बारीक फराटे दिसत होते. सगळे दाराकडे गेलेले, फक्त मधोमध, एका पत्र्याएवढ्या जागेत, ते खिडकीकडे परत आलेले.

ऊन सरकेपर्यंत ते दिसले.